राऊटरचं नागरिकत्व

तुम्ही खोटं बोललात.

हे पहिल्याच ओळीत लिहितोय, कारण तुमच्या कंपनीत दुसरी ओळ कोणी वाचत नाही असा माझा अनुभव आहे. "घराच्या कानाकोपऱ्यात वेगवान इंटरनेट" असं तुम्ही जाहिरातीत छापलंत. त्या जाहिरातीतलं कुटुंब जिन्यात, गच्चीवर आणि एक गृहस्थ तर बाथटबात बसून हसताना दाखवलाय. आमच्याकडे बाथटब नाही. आमच्याकडे पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर आणि मागची खोली आहे, आणि कानाकोपरा ज्याला म्हणतात तो या मागच्या खोलीतच येतो. पुढच्या खोलीत सोफ्यावर बसलं की मोबाइलवर सगळ्या रेघा. मधल्या खोलीत आईच्या पलंगापाशी निम्म्या. स्वयंपाकघरात ओट्याच्या अलीकडे एक, पलीकडे तीही नाही. मागच्या खोलीत नुसतं ते गोल चक्र फिरत राहायचं, बैल घाण्याला जुंपल्यासारखं, आणि तेलाचा थेंब नाही.

तुम्ही म्हणाल, मागच्या खोलीत इंटरनेट हवंय कशाला? सांगतो. तिथे माझी बायको शिवते. लग्न झाल्यापासून शिवते. शिवण शिकवणाऱ्या एका संस्थेला घरबसल्या ऑनलाइन वर्ग घेणारी शिक्षिका हवी होती. पुष्कळ जणींतून दोघी उरल्या, त्यातली एक आमची. आता शनिवारी चार वाजता तिने संस्थेच्या मॅडमना पडद्यावर एक नमुना वर्ग घेऊन दाखवायचा होता. शर्टाची कॉलर मशीनवर बसवायची, बसवता बसवता शिकवायची. मॅडमनी आधीच बजावलं होतं, "चित्र अडकलं तर वर्गातही अडकेल असं आम्ही धरतो. दुसरी संधी नसते."

ही मला एवढंच म्हणाली, "इतकी वर्षं लोकांचे कपडे शिवले. आता लोकांना शिवायला शिकवायचंय." आणि परत बॉबीन भरायला लागली. ही बाई जास्त बोलत नाही. त्यामुळे जे बोलते ते गंभीरपणे घ्यावं लागतं.

मग मशीन पुढच्या खोलीत आणा, असं कोणीही शहाणा माणूस म्हणेल. आमच्या इमारतीत शहाणी माणसं भरपूर असल्याने सगळ्यांनीच म्हटलं. त्यांतल्या प्रत्येकाला मी आठवण करून दिली, की आमच्या खाली राहणाऱ्या बाईंना मशीनच्या आवाजाने डोकेदुखी होते, त्यांनी तक्रार केली होती, आणि सोसायटीने रीतसर ठराव करून आमची मशीन मागच्या खोलीच्या कोपऱ्यात रबराच्या चकत्यांवर बोल्ट पिळून बसवायला लावली होती. मशीन हलवायची तर ठराव बदलायला हवा, ठरावाला बैठक हवी, बैठकीला सेक्रेटरी हवेत, आणि सेक्रेटरींना वेळ हवा. या खालच्या बाईंना आम्ही घरात शांतताबाई म्हणतो. तोंडावर नाही.

लांब वायर टाकून राऊटरच मागे न्यायचा, हा मार्ग हिने सुचवला होता. पण ती वायर मधल्या खोलीतून जाणार, आणि तिथे आई वॉकर घेऊन फिरते. तिच्या पायात वायर येणं मला परवडणारं नव्हतं. छताजवळून न्यावी तर भोकं पाडायला परवानगी हवी, म्हणजे परत सेक्रेटरी. चिकटपट्टीने लावून पाहिली. सकाळी लावली, दुपारी ती माझ्या डोक्यावर आली. मोबाइलचा हॉटस्पॉट लावावा, तर मागच्या खोलीत मोबाइलची रेंजच नाही.

म्हणून मी तुम्हाला फोन केला. आठवतो का? नसेलच.

"सर, राऊटरची जागा बदलायची असेल तर शिफ्टिंगची विनंती टाकावी लागेल," तुमच्या कस्टमर केअरमधली मुलगी गोड आवाजात म्हणाली. "नवा पत्ता सांगा."

"नवा पत्ता मागची खोली."

"पिन कोड सर?"

"तोच. घर तेच आहे हो. फक्त मागची खोली."

"नव्या पत्त्याचा पुरावा लागेल सर."

माझ्याच घरात मी मागच्या खोलीत राहतो याचा पुरावा कोण देणार, असं मी विचारलं. त्यावर तिने मला थांबवून ठेवलं आणि गाणं लावलं. गाणं संपल्यावर एक पुरुष बोलायला आला. तो वरचा असावा, कारण तो गोड बोलत नव्हता. "तुमच्या भिंती जाड आहेत," तो म्हणाला. "आमचा राऊटर शंभर टक्के ताकदीवर चालू आहे, इथे दिसतंय. तुम्ही बूस्टर घ्या. मंगळवारी पोचेल."

"माझं काम शनिवारी आहे."

"मंगळवारी पोचेल सर."

म्हणजे तुमचा एक डबा कमी पडतो, म्हणून तुमचाच दुसरा डबा घ्यायचा, आणि तोही वेळ टळून गेल्यावर. माझ्या भिंतींना जाड म्हणणाऱ्या त्या माणसाने आमच्या भिंती पाहिलेल्याही नाहीत. शेजारच्या घरात कोणी शिंकलं तर इथे आम्ही दचकतो.

पण मी हातपाय गाळणाऱ्यातला नाही. मी पंपाच्या कारखान्यात भांडार सांभाळतो. कुठलीही वस्तू कशी चालते हे मला ती उघडल्यावर कळतं, आणि बहुतेक वस्तू मी उघडतो.

बातमी इमारतभर झाली तेव्हा पहिले आले ते वरच्या मजल्यावरचे काका. आयुष्यभर त्यांनी जमिनी मोजल्या, त्यामुळे आम्ही त्यांना मोजणीदार म्हणतो. त्यांचा मुलगा परदेशात असतो आणि काका मनाने कायम तिकडेच असतात. त्यांनी राऊटरपासून मागच्या खोलीपर्यंत दोरी लावून अंतर मोजलं, कोन काढला, आणि म्हणाले, "तुमचा सिग्नल तिरका जातोय. मागे परावर्तक लावा. ॲल्युमिनियमची फॉइल."

मी फॉइलची वाटी करून राऊटरच्या पाठीशी उभी केली. मागच्या खोलीत फरक शून्य. पण संध्याकाळी शांतताबाई वर आल्या. चेहरा प्रसन्न. इतक्या वर्षांत त्या प्रथमच तक्रार न घेता आल्या होत्या.

"तुमचं वायफाय आमच्याकडे फार सुंदर येतंय हो," त्या म्हणाल्या. "पासवर्ड काय?"

मी फॉइल काढली. त्या दिवसापासून त्यांची डोकेदुखी पुन्हा सुरू झाली.

शेवटी हिने आपल्या भावाला फोन लावला. हा माझा मेहुणा एका कंपनीत संगणकापुढे बसतो. काय करतो ते त्याच्या आईलाही सांगता येत नाही, पण पगार होतो. बोलणं असं, की आपल्याला चाकाचा शोधसुद्धा आताच कळलाय असं समोरच्याला वाटावं.

"भाऊजी, राऊटर म्हणजे नुसतं घर. त्याच्या आत जो प्रोग्राम राहतो त्याला फर्मवेअर म्हणतात. तो कंपनीने बसवलेला भाडेकरू. तो घरमालकाचं ऐकत नाही, कंपनीचं ऐकतो. त्याला बाहेर काढा आणि दुसरा बसवा. फुकट मिळतो, लोकांनी लिहिलेला, सगळी कुलपं उघडी. दोन मिनिटांचं काम."

दोन मिनिटांचं काम हे शब्द ज्या माणसाच्या तोंडून निघतात, तो ते काम स्वतः कधीच करत नसतो. हे मला भांडारात रोज दिसतं. पण त्याचं म्हणणं पटलं. तुमच्या राऊटरचं पान मी संगणकावर उघडून पाहिलं होतं. त्यात "सिग्नलची ताकद: शंभर टक्के" असं राखाडी अक्षरात लिहिलेलं होतं आणि त्याला हात लावता येत नव्हता. मला राखाडी अक्षरांचा राग आहे. जी गोष्ट खरी असते ती काळ्या अक्षरात लिहायला काय होतं?

मेहुण्याने फाइल पाठवली, कशी चढवायची ते सांगितलं, आणि एक ताकीद दिली. "चढवताना लाइट जाता कामा नये. काही झालं तरी बटण बंद करायचं नाही. मध्येच बंद झाला तर राऊटर मेला."

मी तयारी कडेकोट केली. शुक्रवारची रजा टाकली. सेक्रेटरींना जाऊन विचारलं, आज मेन स्विच बंद करायचं काही काम नाही ना. ते म्हणाले, "कशासाठी विचारताय साहेब? तुम्ही काय करणार आहात? परवानगी घेतलीत का?" मी म्हटलं, स्वतःच्या घरात स्वतःच्या राऊटरला हात लावायला परवानगी लागते का? ते म्हणाले, "बघावं लागेल." पण लाइट जाणार नव्हती. हिला सांगितलं, आज मिक्सर नाही, इस्त्री नाही. शांतताबाईंनाही सांगितलं, का ते मला आता आठवत नाही. सगळ्या जगाला सांगितलं.

फक्त आईला सांगायचं राहिलं.

आमच्या आईचं घरात एकच खातं आहे, ते म्हणजे बटणं. न लागणारा प्रत्येक दिवा, पंखा, चार्जर ती बंद करते. दिवसातून कैक वेळा वॉकर घेऊन ती घरभर गस्त घालते. एकदा तिने फ्रीजसुद्धा बंद केला होता, कारण दार उघडल्यावर आत दिवा दिसतो, तो दार लावल्यावरही जळत असणार असा तिला दाट संशय होता. तिच्याशी वाद घालता येत नाही. ती ऐकून घेते आणि मग बटण बंद करते.

फाइल चढायला लागली. पडद्यावर निळी पट्टी हळूहळू पुढे सरकत होती. मी संगणकापुढे श्वास रोखून बसलो होतो. पाठीमागे वॉकरचा टकटक आवाज आला, तो मला ऐकू आला पण कळला नाही. मग खट्कन एक बारीक आवाज. निळी पट्टी जागच्या जागी थिजली. राऊटरचे दिवे गेले.

"कोणी नाही वापरत," आई म्हणाली, "आणि चार चार दिवे जळतायत."

मी बटण परत चालू केलं. एकच दिवा लागला, तोही असा मंद, जसा दवाखान्यातला माणूस डोळे उघडतो आणि कोणाला ओळखत नाही. मी मेहुण्याला फोन केला.

"मेला," तो म्हणाला. "आता त्याची वीट झाली."

मागच्या खोलीतून मशीनचा आवाज थांबला. ही दाराशी आली. हातात शर्टाची अर्धी कॉलर होती. राऊटरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"आता पुढच्या खोलीतही नाही का?"

"आता कुठेच नाही," मी म्हणालो. "पण काळजी करू नकोस."

"मी करतच नाही," ती म्हणाली. "मी मॅडमना कळवू का, की जमणार नाही?"

तिने हे इतक्या सरळ आवाजात विचारलं, की तुमच्यावरचा माझा सगळा राग तिथल्या तिथे दुप्पट झाला. मी म्हटलं, "अजिबात नाही. उद्या चारला तू त्या मशीनवर बसलेली असशील आणि त्या मॅडम तुझी टीप न टीप बघतील." हे मी कशाच्या भरवशावर बोललो ते विचारू नका. काही माणसं भरवशाशिवायच बोलतात आणि मग काम करतात.

मेहुण्याने मेलेला राऊटर उठवायची युक्ती सांगितली. राऊटरच्या पाठीला एक बारीक भोक असतं, आत एक बटण. सुईने ते दाबून धरायचं, तसं धरलेलं असतानाच वीज चालू करायची, दिवा भराभर लुकलुकायला लागला की त्याच क्षणी संगणकावरून फाइल पाठवायची. आमचा राऊटर बाल्कनीच्या दारापाशी, विजेचं बटण सोफ्यामागच्या भिंतीवर, संगणक टेबलावर. म्हणजे माणसं तीन हवीत.

मोजणीदार काका हाक न मारताच आले होते. त्यांना बटणापाशी बसवलं. मी संगणकावर. सुईऐवजी टाचणी घेऊन ती मी आधी शांतताबाईंच्या हाती दिली, कारण त्या दारात उभ्या राहून "इथे काय चाललंय" असं विचारत होत्या आणि रिकाम्या हातांनी उभं राहणं त्यांना शोभत नव्हतं. त्यांनी तिरकी घातली. टाचणी वाकली. दुसरी वाकली. काकांनी वीज चालू करताना "चालू" असं ओरडायचं ठरलं होतं, ते वीज चालू करायच्या आधीच ओरडत होते.

"काका, आधी बटण, मग आवाज."

"जमीन मोजताना आधी आवाजच देतात."

"आपण जमीन नाही मोजत आहोत काका."

"मोजतही नाही आणि काही करतही नाही," ते म्हणाले आणि रुसून बसले.

तेवढ्यात ही आतून आली. मशीनची जाड सुई घेऊन. शांतताबाईंना बाजूला करून खाली बसली, सुई भोकात घातली आणि एकदाच दाबली. तिचा हात जरासुद्धा हलला नाही. "लावा," ती काकांना म्हणाली. काकांनी लावलं, आणि ओरडायचं विसरले. दिवा लुकलुकायला लागला. मी फाइल पाठवली. निळी पट्टी पुन्हा निघाली. या वेळी आईला मी सोफ्यावर शेजारी बसवून तिचे दोन्ही हात माझ्या डाव्या हातात धरून ठेवले होते. तिला वाटलं मला प्रेम आलंय. "काय रे, बरं नाही का?" असं तिने दोनदा विचारलं.

पट्टी टोकाला पोचली. राऊटर उठला. आत नवा भाडेकरू राहायला आला होता.

पण त्याने आल्या आल्या एक प्रश्न विचारला. या नव्या फर्मवेअरमध्ये वायफाय मुळातच बंद असतं, ते आपण सुरू करायचं, आणि सुरू करताना राऊटर कोणत्या देशात आहे ते सांगायचं. यादी लांबलचक होती. मेहुणा मीटिंगमध्ये गेलेला, फोन उचलेना. त्याने फक्त एवढं सांगून ठेवलं होतं, की देश निवडला की सिग्नलची ताकद किती ठेवता येते ते ठरतं.

"म्हणजे श्रीमंत देश निवडला की जास्त ताकद," काका म्हणाले. रुसवा गेला होता. "माझ्या मुलाचा देश निवडा. तिकडे कधी काही अडकत नाही."

"उगाच परदेश कशाला," शांतताबाई म्हणाल्या. "तिथले लोक शांत असतात का पण?"

"अतिशय."

"मग निवडा."

सेक्रेटरीही आले होते. आवाज ऐकून ते येतातच. ते म्हणाले, "सोसायटीच्या नियमात परदेशी उपकरण बसत नाही." मी म्हटलं, उपकरण इथलंच आहे, फक्त कागदोपत्री बाहेर जातंय. त्यावर त्यांनी मान डोलावली. कागदोपत्री म्हटलं की त्यांचं समाधान होतं.

मी सगळ्यांकडे पाहिलं. ज्या माणसाकडे मागच्या खोलीत जायला पत्त्याचा पुरावा मागितला गेला, त्याच्या हाती आता कुठल्याही देशाचं नागरिकत्व वाटायची सत्ता होती. मी काकांच्या मुलाचा देश निवडला. आमचा राऊटर एका क्षणात परदेशी स्थायिक झाला.

काकांनी खिशातून मोबाइल काढला. "आलं. पूर्ण रेघा." ते चालत चालत मागच्या खोलीत गेले. "इथेही पूर्ण." टाळ्या पडल्या. ही आत गेली आणि तिने वर्गासाठी ठेवलेला टॅब उघडला. टॅबवर आमचं वायफाय नव्हतं. कमी नव्हतं हो, नव्हतंच. यादीत शेजारपाजारच्या सगळ्यांची नावं, आमचं नाही. माझ्या मोबाइलवर नाही. शांतताबाईंच्या मोबाइलवरही नाही, हे त्यांनी जरा जास्तच तळमळीने सांगितलं.

"मला तर दिसतंय," काका म्हणाले. "तुमचे मोबाइल बिघडलेत."

मी म्हटलं, सगळ्यांचे एकदम बिघडले?

"होतं असं कधी कधी."

तो शुक्रवार तसाच गेला आणि शनिवारही उजाडून कलायला लागला. मी टॅब बंद केला, चालू केला, सगळं पुसून परत लावलं. वायफायचं नाव बदललं, पासवर्ड बदलला. दर वेळी काका मोबाइल वर धरून म्हणत, "मला दिसतंय." एवढा समाधानी माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. ही आत कापड बेतून ठेवत होती. कॉलर, पट्टी, अस्तर, कात्री, सगळं ओळीने. घड्याळाकडे ती बघत नव्हती. तिच्या वतीने मी बघत होतो.

तीन वाजून गेल्यावर मेहुण्याने कालपासून बॅगेत राहिलेला फोन उचलला.

"भाऊजी, देश कुठला निवडला?"

मी सांगितला. त्याने तो पुन्हा वदवून घेतला.

"का?"

या का-ला मी आजवर उत्तर दिलेलं नाही, आणि देणारही नाही.

मग त्याने समजावलं. वायफायच्या वाटा देशागणिक ठरलेल्या असतात. काकांच्या मुलाच्या देशात एक जास्तीची वाट चालते, जी आपल्या उपकरणांना ठाऊकच नाही. राऊटरने मोकळी दिसली म्हणून तीच वाट धरली. इथे विकलेले टॅब आणि मोबाइल तिकडे ढुंकून बघत नाहीत. "हे ज्याला दिसत असेल," मेहुणा म्हणाला, "त्याचा फोन तिकडचा असणार."

मी काकांकडे पाहिलं. काकांनी मोबाइल उलटा करून पाहिला. "मुलानेच पाठवलाय," ते म्हणाले. मग जरा अभिमानानेच, "तिकडचाच आहे."

मी राऊटरला मायदेशी परत आणलं. यादीत आपला देश निवडला, आणि खाली सिग्नलच्या ताकदीचा आकडा दिसला. काळ्या अक्षरात. हात लावता येत होता. आपल्या देशाच्या कायद्याने जेवढी चालते तेवढी ताकद मी लावली, त्याच्यावर रतीभर नाही. आणि आत जाऊन टॅब पाहिला. मागच्या खोलीत, कोपऱ्यात, बोल्ट पिळलेल्या मशीनपाशी, तीन रेघा. आणि त्या हलेनात.

तोच डबा. त्याच भिंती, ज्यांना तुम्ही जाड म्हणालात. तीच खोली. फरक एकच, तुमचा भाडेकरू आत नव्हता.

चारला दोन मिनिटं होती. हिने केस नीट केले, खुर्ची पुढे ओढली. "बाहेर जा आता," मला म्हणाली. "आणि आईंकडे बघा."

आईकडे बघायचं म्हणजे बटणाकडे बघायचं. मी सोफा पुढे ओढला आणि त्याच्या मागे, राऊटरच्या बटणाला पाठ लावून, स्टूल टाकून बसलो. चार वाजले. आतून हिचा आवाज यायला लागला, स्वच्छ, सावकाश. "कॉलरचं टोक नीट यायला हवं असेल तर इथे थांबा. घाई करू नका. सुई कापडातच ठेवा आणि कापड फिरवा." मशीन जराशी चालली, थांबली.

टकटक. वॉकर आला.

"ऊठ," आई म्हणाली. "दिवे जळतायत."

"आई, हिचा वर्ग चालू आहे," मी हळू आवाजात म्हणालो.

"ती आत आहे. दिवे इथे कशाला?"

"हे दिवे तिचेच आहेत. हे बंद केले की ती तिकडे दिसेनाशी होते."

आईने यावर विचार केला. तिला तंत्र कळत नाही असं कोणी समजू नये. "किती वेळ?"

"कॉलर बसेपर्यंत."

"बरं. मग बाकीचे तरी घालवते."

आणि ती निघाली. आधी माझ्या डोक्यावरचा पंखा बंद केला. मग पुढच्या खोलीची ट्यूब. मधल्या खोलीतलं सगळं. स्वयंपाकघरातलं सगळं. मी घामाने निथळत स्टुलावर बसून एकेक खट् मोजत होतो, आणि वॉकरचा आवाज मागच्या खोलीकडे सरकत होता. तिथे दाराच्या आतल्या बाजूलाच बटणं आहेत. उठावं तर बटण उघडं पडतं. हाक मारावी तर ती मॅडमना ऐकू जाते. जन्मात इतका असहाय मी कधी झालो नव्हतो, आणि हे मी तुमच्या कस्टमर केअरचं गाणं पूर्ण ऐकलेला माणूस सांगतोय.

टकटक थांबली. आतून हिचा आवाज तसाच चालू होता. मग खट्.

मी डोळे मिटले. पण आवाज थांबला नाही. मशीन चालू राहिली. "आता बघा, टोक कसं आलं," ही म्हणाली, आणि टॅबमधून मॅडमचा आवाज आला, "हो, आता फारच छान दिसतंय. दिवा लावलात का?"

आई परत आली ती माझ्याकडे न बघता. "अंधारात कसं शिकवणार ती," ती म्हणाली. "जास्तीचा दिवा लावून आले." माझ्या आठवणीत आईने लावलेला हा पहिला दिवा.

हिला काम मिळालं. आठवड्यातून तीन दिवस ती आता मागच्या खोलीतून शिकवते. मॅडमनी निवडीचं कळवताना एक प्रश्नही विचारला, "तुमचं नेट कुठल्या कंपनीचं? इतकं न अडकणारं पाहिलं नाही. आम्हीही तेच घेतो." म्हणजे तुम्हाला गिऱ्हाईकही आम्हीच मिळवून दिलं.

आणि मंगळवारी तुमचा माणूस बूस्टर घेऊन आला. मागच्या खोलीत उभा राहून त्याने मोबाइल पाहिला. "इथे तर सिग्नल उत्तम आहे. बूस्टर कशाला मागवला?" मी म्हटलं, मी नाही मागवला, तुमच्या साहेबाने गळ्यात मारला. तो बूस्टर घेऊन परत गेला. संध्याकाळी मला तुमचा मेसेज आला. "आपली तक्रार आमच्या तज्ज्ञ तंत्रज्ञांनी यशस्वीपणे सोडवली आहे. आमच्या सेवेला किती तारे द्याल?"

तारे राहू द्या. तुमच्या राखाडी शंभर टक्क्यांत आमची मागची खोली का येत नव्हती, आणि कुलूप उघडल्यावर तोच डबा कायद्यात राहून तिथे कसा पोचतो, हे आधी सांगा. मग तुमच्या त्या तज्ज्ञ तंत्रज्ञाचं नाव कळवा. तो आमच्या घरात कुठल्या दाराने आला? सुई त्याने कोणत्या हाताने धरली? काकांना त्याने काय सांगितलं? आणि चार ते पाच, पंखा बंद, बटणाला पाठ लावून जो माणूस स्टुलावर बसला होता, तो जर मी नव्हतो आणि तुमचा तंत्रज्ञ होता, तर मग घामाने भिजलेला शर्ट माझा कसा?

उत्तर लेखी द्या. काळ्या अक्षरात.